गावातल्या महायुद्धाच्या पाटीवर नुसता आकडा आहे, नावं कुठून शोधायची?

माणदेशी_वारा

मंडळी जरा मदत पाहिजे. सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव, नाव मुद्दाम लिहीत नाही कारण गावची अर्धी पोरं हे वाचत असणार आणि मला उद्या पारावर बसायचंय. तर जुन्या चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे, इंग्रजांनी बसवलेली. तिच्यावर एवढंच कोरलंय की या गावातून अमुक माणसं १९१४-१९१९ च्या महायुद्धाला गेली आणि त्यातल्या अमुक जणांनी प्राण दिले. बस. एक पण नाव नाही. आमच्या पंजोबांचे भाऊ त्यात होते असं घरात सगळे सांगतात, ते "बसऱ्याला गेला तो गेलाच", यापलीकडं कुणाला काही माहीत नाही.

आता चावडी पाडून तिथं ग्रामपंचायतीची नवी इमारत होणार आहे आणि समोर स्मारक करायचं ठरलंय. काळा ग्रॅनाइट, त्यावर नावं, झेंड्याचा खांब वगैरे. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत, पुढं ग्रामसभेत जो काय धुरळा उडाला तो विचारू नका. एक गट म्हणतो फक्त जे लढाईत गेले त्यांचीच नावं टाका. दुसरा म्हणतो जे जाऊन परत आले त्यांनी काय पाप केलं. एकाला अर्धपुतळा पाहिजे, एकाला कमान पाहिजे (कमानीवर कुणाचं नाव येणार ते आपण समजून घ्यायचं). आणि सगळ्यात वाईट म्हणजे नावांची जी पहिली यादी निघाली ती सगळी दोनच भावक्यांची, कारण यादी करायला बसलेले लोक त्याच दोन भावक्यांचे होते.

पाटीवर मागं कुणीतरी निळा ऑइलपेंट फासलाय, अक्षरं निम्मी बुजलीत. कंत्राटदार म्हणतो ही कशाला ठेवता, नवीन ग्रॅनाइटवरच इंग्रजी मजकूर पण टाकून देतो.

तर नावं कुठून मिळतील, कुणाची टाकावीत, कुठल्या क्रमानं, आणि ती जुनी पाटी वाचवायची कशी, ज्याला जे माहीत आहे त्यानं सांगा. आणि १९१९ का लिहिलंय तेही कळलं तर बरं, युद्ध तर १९१८ ला संपलं ना?

---

जुनी_दप्तरं

शेवटचं आधी सांगतो कारण ते सोपं आहे. ११ नोव्हेंबर १९१८ ला तोफा थांबल्या, पण तो युद्धविराम होता. जर्मनीबरोबरचा व्हर्सायचा तह झाला २८ जून १९१९ ला, म्हणून त्या काळच्या बऱ्याच पाट्यांवर १९१९ दिसतं. मेसोपोटेमियात (आजचा इराक, बसरा तिथलंच) गेलेली आपली माणसं तर त्याच्या पण नंतर परत आली. आणि युद्धातल्या कबरींचा हिशोब ठेवणारं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन आहे ते पहिल्या महायुद्धासाठी ३१ ऑगस्ट १९२१ पर्यंतचे मृत्यू धरतं. हे लक्षात ठेवा, कारण तुमच्या पाटीवरचा मेलेल्यांचा आकडा आणि तुम्हाला सापडणारी नावं जुळणार नाहीत आणि मग गावात परत भांडण लागेल.

नावांसाठी सुरुवात तिथूनच करा. त्या कमिशनच्या साइटवर सर्च फुकट आहे. हिंदी शिपायांच्या बऱ्याच नोंदींत नाव, नंबर, पलटण आणि पुढं "अमक्याचा मुलगा, अमुक गाव, अमुक जिल्हा" असं असतं. त्यामुळं माणसाचं नाव माहीत नसेल तरी गावाच्या नावानं शोधता येतं, तो जादा माहितीचा रकाना आहे ना त्यात गाव टाकून बघा. पण गावाचं स्पेलिंग आत्ताचं टाकून काही मिळणार नाही. साहेबाच्या कानाला जे ऐकू आलं ते त्यानं लिहिलंय. शेवटी ए आहे की इ, व्ही आहे की डब्ल्यू, वाडी वेगळी लिहिलीय की जोडून, सगळे प्रकार टाकून बघायचे. आडनाव बऱ्याचदा नसतंच किंवा आडनाव आणि वडिलांचं नाव उलटसुलट. आणि जिल्हा जुना धरायचा. रायगड तेव्हा कुलाबा होता, सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीतच होता. तुमच्याकडं माण खटावची बाजू साताऱ्यात सापडेल पण फलटण, औंध ही संस्थानं होती, त्यांच्या गावांची नोंद वेगळी असू शकते.

बसऱ्याचं म्हणाल तर पणजोबांच्या भावाचं नाव बसरा मेमोरियलवर असण्याची शक्यता बरीच आहे. त्या स्मारकावर चाळीस हजारांवर लोकांची नोंद आहे ज्यांना कबर नाही. पण गंमत (गंमत कसली) अशी की गोऱ्या सैनिकांची नावं दगडावर कोरली आणि हिंदी शिपायांचे पलटणवार नुसते आकडे. नावं रजिस्टरात राहिली. म्हणजे तुमच्या चावडीवर जे झालंय तेच तिथं मोठ्या प्रमाणात झालंय. ते रजिस्टर आता ऑनलाइन सर्चमध्ये आहे त्यामुळं काम होईल.

१०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होत्या आणि तिन्ही मेसोपोटेमियातल्याच कुत-अल-अमारा गावात अडकल्या. ७ डिसेंबर १९१५ पासून तुर्कांचा वेढा, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती, साधारण तेरा हजार माणसं कैदेत गेली आणि त्यातली कितीतरी वाटेतच उपासमारीनं, आजारानं मेली. त्यामुळं कुणाची मृत्यूची तारीख १९१६ मधली दिसली आणि घरात सांगतात "लढाईत पडला" तर दोन्ही आपापल्या जागी बरोबर असू शकतं.

जे जिवंत परत आले त्यांचं अवघड आहे. पंजाबवाल्यांचं नशीब चांगलं, त्यांची गाववार रजिस्टरं लाहोरच्या म्युझियममध्ये निघाली, त्यात तीन लाखांवर माणसं आहेत. आपल्याकडं घरोघर फिरणं हाच खरा रस्ता.

---

निवृत्त_हवालदार

जय हिंद. माणदेशी बाळा, घरोघर फिरशील तेव्हा कागद विचारू नको, कागद कुणाकडं नसतो. मेडल विचार. देव्हाऱ्यात, पेटीत, पोराच्या खेळण्यात, कुठंतरी असतं. पहिल्या युद्धाचं चांदीचं गोल मेडल असतं, पुढं राजा पाचवा जॉर्ज आणि मागं घोड्यावर बसलेला उघडा माणूस. त्याच्या कडेवर, म्हणजे रुपयाला जिथं दाते असतात त्या जागी, बारीक अक्षरात नंबर, रँक, नाव आणि पलटण ठोकलेली असते. भिंगानं बघ नाहीतर मोबाईलचा कॅमेरा झूम कर. तीच तुझी खरी नोंद, कारण नंबर हाताशी आला की पुढचं सगळं सापडतं. बऱ्याच घरात चांदी म्हणून मोडून झालंय ते वेगळं.

दुसऱ्या युद्धाचे स्टार मेडल असतात, टोकदार. इंग्लंडमध्ये दिलेल्यांवर नाव नसायचं पण हिंदुस्थानी फौजेला दिलेल्यांवर आहे, मागं बघायचं.

आणि एखाद्या घरात बशीएवढी ब्राँझची जाड गोल चकती निघाली, तिच्यावर त्रिशूळ घेतलेली बाई आणि सिंह, तर ते मेडल नाही. ती मेलेल्या शिपायाच्या घरी पाठवायचे. तिच्यावर नाव असतं पण रँक मुद्दाम नसते, सुभेदार आणि शिपाई एकाच मापात. आमच्या भागात एका घरी त्या चकतीवर उदबत्तीचं घर ठेवलं होतं, नाव वाचायची सोयच राहिली नव्हती इतकी राख.

१९४७ नंतरच्यांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, माजी सैनिक आणि वीरपत्नींची नोंद तिथं असते. मराठा लाईट इन्फंट्रीतला असेल तर बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहा, पण नंबर पाहिजे, नंबराशिवाय पत्र टाकू नका, तिकडं बसलेला क्लार्क पण माणूसच आहे.

कुणाची नावं टाकायची याबद्दल माझं मत सरळ आहे. जो गेला तो गेला, सगळ्यांची टाका. जे पडले त्यांच्या नावापुढं खूण करा, चांदणी करा काय करायचं ते करा. फौजेत गोळी कुणाला लागायची हे माणूस ठरवत नाही.

---

शंकासूर

मला एक समजत नाही. इंग्रजांच्या साम्राज्यासाठी, इंग्रजांच्या पगारावर, इराकमध्ये जाऊन तुर्कांशी लढलेल्या लोकांचं स्मारक आपण २१ व्या शतकात का बांधायचं? १९७१ चं बांधा, कारगिलचं बांधा, कोण नाही म्हणतंय. पण ती पाटी म्हणजे साहेबानं भरतीच्या बदल्यात गावाला दिलेली पोचपावती आहे.

---

जुनी_दप्तरं

@शंकासूर पोचपावती हा शब्द आवडला आणि तो चुकीचा पण नाही. पण पावती साहेबाची असली तरी माणसं गावाची होती ना. शिपायाला महिना ११ रुपये मिळायचे, माण खटावसारख्या दुष्काळी पट्ट्यात तेव्हा ते अकरा रुपये कुठल्या घरासाठी काय होते याचा विचार करा. आणि राजकारण पण इतकं काळंपांढरं नव्हतं. टिळकांनी भरतीला सरसकट विरोध केला नव्हता, स्वराज्याची अट घातली होती, १९१८ च्या जूनमध्ये मुंबईच्या युद्धपरिषदेत तेच बोलायला उभे राहिले तर मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डननं बोलू दिलं नाही आणि ते उठून बाहेर पडले.

माझं म्हणणं इतकंच, त्या पाटीत राजाचं कौतुक आहे ते राहू दे तसंच, खोडायचं पण नाही आणि नव्या दगडावर परत कोरायचं पण नाही. नव्या दगडावर गावानं स्वतःच्या शब्दांत लिहावं.

---

कोंकण्या

घाटावरचे लोक नेहमी पलटणीचंच बोलतात म्हणून आमची एक आठवण. खलाशी विसरू नका. रत्नागिरी कुलाब्याकडचे किती लोक बोटीवर आगीत कोळसा टाकायला होते, भट्टीपाशी खाली, टॉर्पेडो लागला की पहिले तेच. मुंबईत मस्जिद बंदरला सेलर्स होममध्ये दोन्ही महायुद्धांत समुद्रात गेलेल्या हिंदी खलाशांची स्मारकं आहेत, हजारो नावं आहेत, मुंबईतल्या कितीजणांनी बघितलीत देव जाणे. साताऱ्याच्या गावातून पण एखादा मुंबईला जाऊन बोटीवर चढला असेल, तो पलटणीच्या यादीत कधीच सापडणार नाही.

दुसरं, माणगावला तहसील कचेरीजवळ यशवंत घाडगेंचा पुतळा आहे, १० जुलै १९४४ ला इटलीत पडले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. पळसगावचे. पुतळा आहे म्हणून लोकांना नाव माहीत आहे हे खरं, पण त्याच पलटणीत त्याच तालुक्यातले आणखी कितीजण इटलीत पुरलेत ते विचारा कुणाला. त्यामुळं अर्धपुतळ्याच्या भानगडीत पडू नका, एकाचा पुतळा झाला की बाकीचे गर्दी होतात. शिवाय पुतळ्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, मातीच्या मॉडेलला कला संचालनालयाची मान्यता, वर्षं जातील. नावांच्या दगडाला एवढं लचांड नाही.

---

दगडधोंडा

मी जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीचं काम करतो, पाटीपुरतं बोलतो.

पहिली गोष्ट आजच्या आज करा, फोटो. दिवसा नाही, रात्री. लाइट बंद करून टॉर्च पाटीच्या एका बाजूनं अगदी तिरकी, भिंतीला घासून मारा आणि समोरून फोटो काढा, मग दुसऱ्या बाजूनं, वरून, खालून. ऑइलपेंटखाली बुजलेली अक्षरं सावलीनं उठून दिसतात. मजकूर वाचायला रंग काढायची गरजच पडत नाही कित्येकदा. पाटीच्या खालच्या कोपऱ्यात पण बघा, घडवणाऱ्याचं नाव असलं तर तिथं असतं.

रंग काढायला अ‍ॅसिड लावू नका हे मी हात जोडून सांगतो. संगमरवर म्हणजे चुन्याचाच भाऊ, बाथरूम साफ करायचं अ‍ॅसिड टाकलं की फेस येतो आणि लोक खूश होतात की मळ निघाला, तो मळ नसतो दगड निघत असतो. तारेचा ब्रश नाही, पॉलिश पेपर नाही, ग्राइंडर तर नाहीच नाही. आधी साधं पाणी आणि मऊ नायलॉनचा ब्रश. ऑइलपेंटसाठी पेंट रिमूव्हरची जेल मिळते ती आधी एका कोपऱ्यात रुपयाएवढ्या जागेवर लावून बघायची, अक्षरांत शिसं भरलेलं असेल तर तिथं जास्त जपून, लाकडी चमच्यासारखं काहीतरी घेऊन रंग उचलायचा, पत्ती नको. थोडा निळा राहिला तर राहू दे. पांढरीशुभ्र करायचा हट्ट धरला की अक्षरांच्या धारा जातात.

भिंत पाडायच्या आधी पाटी काढायची, पाडताना नाही. ब्रेकर लावू नका, हादऱ्यानंच तडकते. पाटीभोवतीची भिंत छिन्नीनं हळूहळू कोरत जायचं, जुनं काम चुन्यातलं असेल तर चुना सुटतो, मागं लोखंडी आकडे असू शकतात ते ओढायचे नाहीत कापायचे. आणि नेताना आडवी झोपवून नेऊ नका, उभी, काठावर, दोन्ही बाजूंनी प्लाय आणि स्पंज. संगमरवर आडवा उचलला की स्वतःच्या वजनानं मधून जातो. नवीन जागी सिमेंटमध्ये थापू नका, सिमेंटचे क्षार वर येऊन पिवळे डाग पडतात, चुन्यात किंवा स्टेनलेसच्या पिनांवर बसवा आणि वर थोडी छपरी द्या.

ग्रॅनाइटवर नावं खोल कोरून घ्या. कंत्राटदार लेझर मारून देतो म्हणेल, ते वरवर खरवडलेलं असतं, चार पावसाळ्यांत अंगठा फिरवला तरी कळत नाही अक्षर आहे की नाही. आणि खाली जागा मोकळी सोडा, भरपूर सोडा, उद्‌घाटन झाल्यावर दुसऱ्या दिवशी कुणीतरी पेटी घेऊन येणारच.

---

निवृत्त_हवालदार

दगडधोंडा साहेब +१. मोकळ्या जागेचं तर शंभर टक्के.

---

चावडी_नको_वाडा_नको

यादी दोनच भावक्यांची निघाली म्हणालात ते फार वाईट वाटलं पण आश्चर्य नाही वाटलं. आमच्या आजोबांचे वडील १११ व्या महार पलटणीत होते. ती पलटण १९१७ ला उभी केली आणि युद्ध संपल्यावर १९२१ पर्यंत मोडून पण टाकली, मग पुन्हा महार रेजिमेंट यायला १९४१ उजाडलं. मधल्या वीस वर्षांत ज्यांना भरतीच बंद होती त्यांची आठवण गावाच्या चावडीवर कोण ठेवणार? चावडीत आम्हाला आत बसायला जागा नव्हती आणि पाटीवरच्या आकड्यात मात्र आमची माणसं मोजलेली आहेत. तो आकडा एकट्या कुठल्या आळीचा नाही.

तेव्हा नुसते शिपाई धरू नका. फौजेबरोबर भिस्ती, खेचरवाले, स्वैपाकी, मेहतर, मजूर तुकड्या असे सगळे गेले होते. त्यांना पण मेडल मिळालेलं आहे, पुष्कळांना चांदीचं नाही, ब्राँझचं. म्हणजे हवालदार काकांनी सांगितलं तसं मेडल शोधताना "हे तर तांब्याचं, खोटं असेल" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

क्रमाचं विचारलंत तर अकारविल्हे लावा. रँकनं लावलं की सुभेदार वर आणि भिस्ती तळाला, आळीनं लावलं तर विचारूच नका. पहिल्या नावानं अकारविल्हे लावलं की कुणी पुढं कुणी मागं याचं भांडणच मिटतं.

---

शंकासूर

हे मात्र पटलं. पाटीपेक्षा ही यादी महत्त्वाची.

---

माणदेशी_वारा

सगळ्यांचे खूप आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. रात्री टॉर्च घेऊन आम्ही चौघं गेलो होतो, कुत्री मागं लागली ते सोडा, पण अख्खा मजकूर वाचता आला. कंत्राटदाराला सांगितलंय की पाटीला हात लावायचा नाही. अपशिंग्याचं उदाहरण पण सरपंचांना दिलं, साताऱ्याजवळचंच गाव, पहिल्या महायुद्धात ४६ जण कामी आले त्यांचे, आणि गावाच्या नावातच मिलिटरी आहे, तर ते स्वतःहून म्हणाले की आपण पण नीट करू. कमानीचा विषय तूर्त थंड आहे.

सर्चमध्ये गावाचं नाव चौथ्या का पाचव्या स्पेलिंगला लागलं. पणजोबांचे भाऊ सापडले, बसरा मेमोरियलच, वडिलांचं नाव जुळतंय. आत्याला फोन केला तर ती आधी काही बोललीच नाही, मग म्हणाली नंबर सांग परत, लिहून घेते.

पण आता नवीन घोळ. एक नोंद अशी आहे की तिच्यावर दोन घरं हक्क सांगतायत. नाव तेच, वडिलांचं नाव पण दोन्ही घरांत तेच चालतं (गावात दर तिसऱ्या माणसाचं तेच आहे), आडनाव नोंदीत नाहीच. एक घर वरच्या आळीचं, एक खालच्या वाडीचं. दोघंही म्हणतात आमचाच. ग्रामसेवक म्हणतात दोघांची टाकून द्या, कोण बघायला येतंय. मला ते पटत नाही पण एका घराला नाही म्हणायचं तर कशाच्या जोरावर म्हणू?

---

जुनी_दप्तरं

दोघांची टाकायला हरकत नाही, पण दोघंही गेलेले असतील तर. ते आधी बघा. नोंदीतल्या नंबराच्या पलटणीत वरच्या आळीची भरती होत होती की खालच्या वाडीची, त्यावरून बरंच ठरतं. नोंद मराठा पलटणीची आहे की मजूर तुकडीची आहे ते लिहा इथं, मी बघतो. आणि दुसऱ्या घरचा माणूस जाऊन परत आलेला असू शकतो, मग तो मेलेल्यांच्या नोंदीत कसा सापडेल? त्या घरी मरण कुठं झालं ते विचारा, गावात झालं असेल तर तो प्रश्न तिथंच सुटला, त्याचं नाव येणारच, फक्त चांदणीशिवाय.

---

निवृत्त_हवालदार

दोन्ही घरी मेडल आहे का विचार. एकाकडं असेल तर कडेवरचा नंबर नोंदीशी लावून बघ. दोघांकडं असेल तर मग भांडणच नाही, नंबर दोन असणार. आणि दोघांकडं नसेल तर तेवढी ओळ दगडावर मोकळी ठेव आणि बाकीची नावं कोरायला घे, तिच्यापायी काम थांबवू नको. मी पुढच्या आठवड्यात साताऱ्याला सैनिक कल्याण कार्यालयात येतोय, तू पण ये, यादी घेऊन ये. झेरॉक्स आण, ओरिजिनल आणू नको.